मोठ्यानं बोलणारे गिरणीवाले काका

अंबडच्या कोर्टात कनिष्ठ लिपिक म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा राहायला जागा शोधत मी तीन गल्ल्या हिंडले होते. चौथ्या गल्लीत पिठाची गिरणी होती आणि गिरणीवरची खोली रिकामी आहे असं कोणीतरी सांगितलं. मालक आत पिठाच्या ढगात उभे होते. भुवया, पापण्या, कानावरचे केस, सगळं पांढरं. मी दारातूनच विचारलं, "खोली द्यायची आहे का?"

"काय?"

"खोली!"

"खोली हाय की. पण तू इतकी हळू काय बोलतीस? आजारी हायेस का?"

हे त्यांनी चालू मोटारीच्या वर आवाज काढून विचारलं. समोरच्या दुकानातल्या सलीमभाई टेलरांनी शिलाई मशीन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. डबे घेऊन उभ्या असलेल्या दोन बायकांनीही बघितलं. मी म्हटलं, मी आजारी नाही.

"मंग घरात कोणी हाय का आजारी?"

"नाही," मी म्हटलं. फार पटकन म्हटलं.

त्या खोलीत मी सहा वर्षं काढली. गिरणीवाले काका माझे घरमालक. गिरणी बंद झाली तरी त्यांचा आवाज खाली येत नसे. जेवताना, देवळात, मयतीला, सगळीकडे एकच पट्टी. फोनवर बोलायला लागले की काकू म्हणायच्या, "फोन ठेवा अन् खिडकीतून सांगा, जालन्यापर्यंत पोचंल." गल्लीत सगळ्यांचा समज असा, की उभा जन्म त्या घरघरीत गेल्यामुळे काकांना हळू बोलताच येत नाही. माझाही बरीच वर्षं तोच समज होता.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांना प्रश्न फार पडत. मी कोर्टातून आले की जिना चढायच्या आधी गाठत. जज्जसाहेब डब्यात काय आणतात? साक्षीदार खोटं बोलून राह्यला हे आधी कोणाला कळतं, वकिलाला का टाईप करणाऱ्या बाईला? कोर्टात रडायला लागलं माणूस तर ते कागदावर लिहितात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आमच्या वरिष्ठांना विचारलं, तेही विचारात पडले.

गिरणीत आलेल्या प्रत्येक डब्याबद्दलही त्यांना काहीतरी विचारायचं असे. पीठ पडायला लागलं की चिमूटभर बोटांत धरून चोळायचे आणि ओरडायचे, "ह्या खेपेला गहू कमी अन् ज्वारी जास्त का? पाहुणे गेले वाटतं!" बायका हसत, काही चिडत. पण कोणाचा डबा दोन आठवडे आला नाही की ते स्वतः जाऊन दार वाजवत. घरात पीठ नाही म्हणजे चूल नाही, आणि चूल नाही तर का नाही, हे त्यांना कळल्याशिवाय चैन पडत नसे.

इंदूबाई त्यांना अशाच सापडल्या होत्या. मी राहायला यायच्या आधीची गोष्ट. इंदूबाई गल्लीच्या टोकाला एकट्या राहायच्या, पूर्वी अंगणवाडीत मदतनीस होत्या. तीन आठवडे त्यांचा डबा आला नाही. काका गेले, तर आतून खिडक्यांना पोती ठोकलेली. बाईंना एका माणसाचा आवाज ऐकू यायचा, तो दिवसभर त्यांना टोकायचा. नातेवाइकांनी एकदा कुठल्याशा बाबाकडे नेऊन आणलं होतं आणि मग येणंच सोडलं होतं. काकांनी त्यांना सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराच्या डॉक्टरांचा वार असतो त्या दिवशी नेलं. औषध सुरू झालं. पण रोज गोळी घेतली का, हे बघणार कोण? काकांनी सांगितलं, "रोज दहा वाजता गिरणीत यायचं. सगळ्यांसमोर घ्यायची."

मी बघितलं ते हे रोजचं. दहा वाजले की इंदूबाई येऊन पोत्यावर बसत. काकू पाणी देत. काका गिरणीच्या वरच्या सुपात दाणे ओतता ओतता विचारत, "आज काय म्हणून राह्यला तो?"

"म्हणतो, गिरणीवाला पिठात माती मिसळतो."

"माती? कोणत्या शेतातली, इचारलं का? काळी का मुरमाड?"

इंदूबाई विचार करत. "ते न्हाई सांगितलं त्यानं."

"उद्या इचारा त्याला."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, ते चेष्टा करतायत. मग लक्षात आलं की त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं. आवाज बाईचा का गड्याचा, ओळखीचा का परका, सकाळी जास्त का संध्याकाळी. तो माणूस खोटा आहे असं ते इंदूबाईंना कधी म्हणाले नाहीत आणि खरा आहे असंही नाही. एकदा इंदूबाईच म्हणाल्या, "चार दिवस झाले, बोलला न्हाई." रांगेतल्या एका बाईनं, "बरं झालं की मंग!" म्हटलं, आणि इंदूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. गल्लीला त्यांच्या तब्येतीची बातमी अशी रोजच्या रोज मिळत असे. महिन्याच्या गोळ्या आणायला सलीमभाई सोबत जात, कारण त्यांना अम्मीच्या बीपीच्या गोळ्यांसाठी जायचंच असे. त्यांची बायको, शमीमआपा, शुक्रवारी इंदूबाईंच्या डोक्याला तेल लावून देत. कोणी कोणाला पाळी लावून दिली नव्हती. काका रोज ओरडून विचारत, म्हणून प्रत्येकाला काही ना काही माहीत असे आणि माहीत असलं की माणूस काहीतरी करतोच, निदान आमच्या गल्लीत तरी.

डॉक्टरांनी एकदा काकांना बजावलं होतं, असं भर गल्लीत गोळीचं नाव घेऊन ओरडू नका. काकांनी ऐकलं. तेव्हापासून ते नाव घेत नसत. "पांढरी घेतली का?" असं ओरडत.

मला हे सगळं बघताना भीती वाटायची. कारण माझी आई.

आई पिंपळगाव रेणुकाईला मामाकडे होती. वडील गेल्यापासून मामानंच आम्हाला सांभाळलं, मला शिकवलं. मी कॉलेजात असताना आईनं विहिरीचं पाणी पिणं सोडलं. मग हापशाचं सोडलं. पाण्यात कोणीतरी काहीतरी टाकतंय असं तिला वाटायचं. दोन-दोन दिवस ती तहानलेली राही आणि मग रात्रंदिवस बडबडे. औषधानं फरक पडे, पण मामी गोळी देई भाकरीच्या तुकड्यात लपवून, आणि आईला ते कळलं की भाकरीही बंद होई. पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत बसवत आणि कडी लावत. मामा वाईट माणूस नव्हता. गावात बोभाटा झाला तर माझं लग्न जमणार नाही, ही त्याची एकच काळजी होती. माझीही तीच होती.

तिच्या गोळ्या मी जालन्याहून आणायची आणि पिंपळगावकडे जाणाऱ्या ओळखीच्या कोणाच्या तरी हाती पाठवायची. एकदा जिन्यात माझ्या पिशवीतून पाकीट पडलं. काकांनी उचललं, डोळ्यांजवळ नेलं.

"ही तर इंदूबाईची पांढरी! कोणासाठी?"

"मैत्रिणीच्या आईसाठी."

"मैत्रिणीच्या," ते म्हणाले. एवढंच. माझ्याकडे बघत राहिले आणि पहिल्यांदाच त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही.

त्याच वर्षी मामानं स्थळ आणलं. मुलगा परतूरकडचा, शिक्षक. बघण्याचा कार्यक्रम पिंपळगावला ठेवायचा तर आईचं काय करायचं? म्हणून मामानं ठरवलं, अंबडलाच ठेवू, आई यात्रेला गेलीय असं सांगू. काकूंनी पोहे केले, शेजारच्या खुर्च्या वर आणून दिल्या. मुलगा शांत होता, त्याची आत्या बोलत होती. सगळं नीट चाललेलं असताना काका पिठानं माखलेले वर आले. पाहुण्यांना त्यांनी आधी दहा प्रश्न विचारले. शाळेत पोरं किती, खिचडीत डाळ बराबर असती का, गावाला पाणी कुठून येतं. पाहुणे खूश झाले. मग ते माझ्या मामाकडे वळले.

"अन् हिच्या आईची तब्येत कशीय आता? पांढरी चालू हाय ना?"

आत्यानं विचारलं, "पांढरी म्हणजे?"

मामानं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, बीपी की काय म्हणाला. पण आत्या हुशार होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला खोटं बोलता आलं नाही. अर्ध्या तासात पाहुणे गेले. मामा खाली जाऊन जीपमध्ये बसला. मी गिरणीत गेले, पट्टा चालू होता, रांगेत बायका होत्या आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाएवढ्या मोठ्यानं बोलले.

"काय मिळालं तुम्हाला? कोणी विचारलं होतं तुम्हाला?"

त्यांनी मोटार बंद केली. "पोरी, मला वाटलं त्यांना सांगितलं असंल. लग्नाच्या गोष्टीत कोण लपवतं?"

"सगळे लपवतात!"

"मंग लग्न झाल्यावर तू सासरी, अन् तुझी आई कडीत. तिला कव्हा भेटणार होतीस तू? चोरून?"

मी तशीच वर निघून गेले. दुसरी खोली शोधायला लागले. दोन महिने मी काकांशी बोलले नाही. कोर्टातून आले की खाली मान घालून जिना चढायची. तेही गप्प राहायचे, म्हणजे माझ्यापुरते.

त्यांची ती सवय सगळ्यांना मानवायची असं मुळीच नव्हतं. त्याच सुमारास गल्लीतल्या एका कुटुंबाचा मुलगा इंजिनिअरिंग सोडून घरी आला होता, दार लावून बसायचा. काकांनी भर रस्त्यात त्याच्या वडिलांना विचारलं, "पोरगं जेवतंय का? दवाखान्यात नेलं का?" आठवड्यात त्यांनी घर बदललं, गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले. काका त्यांच्या नव्या घरी गेले. दार उघडलं नाही कोणी. ते परत आले ते सरळ गिरणीत न जाता जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिले. मी वरून उतरत होते.

"चुकलं माझं," ते म्हणाले. माझ्याशी बोलत होते का स्वतःशी, कळलं नाही. "पोरगं एकवीस वर्षांचं हाय. त्यालाच इचारायला पाहिजे होतं आधी. तुला बी इचारायला पाहिजे होतं."

मी त्यांच्या बाजूनं वाट काढत खाली गेले. पण खोली शोधणं मी त्या दिवसापासून बंद केलं. का, ते मलाही नीट सांगता यायचं नाही.

मग मामानं आईला आणून सोडलं. स्थळ मोडल्यावर मामीनं हात टेकले होते. नऊ वर्षं केलं, आता होत नाही, म्हणाली. त्यात काही खोटं नव्हतं. आई एका पिशवीनिशी खोलीत आली, भिंतीला टेकून बसली आणि माठाकडे बघत राहिली. मी रजा टाकली. चार दिवस तिनं पाण्याचा थेंब घेतला तो मी बाजारातून आणलेल्या बंद बाटलीतला, तोही शंभरदा झाकण तपासून.

पाचव्या दिवशी काका वर आले. दारातच थांबले. बायांच्या खोलीत ते कधी आत येत नसत.

"बाई, मी खालचा गिरणीवाला. पाण्याचं काय हाय?"

आईनं माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांत तिला कोणी असं विचारलंच नव्हतं. तिला समजावलं होतं, रागावलं होतं, गोळी लपवून दिली होती. ती हळूहळू सांगायला लागली. कोण टाकतं ते तिला माहीत नव्हतं. चव बदललेली कळते म्हणाली. काकांनी विचारलं, कडू लागतं का खारट? आंघोळीच्या पाण्याला बी वास येतो का? दुसऱ्यानं आधी पिलं तर? आईनं माठाकडे बघितलं. "दुसऱ्यानं आधी पिलं तर चालंल," ती म्हणाली. "त्याला काही झालं न्हाई तर चालंल."

ही गोष्ट मला नऊ वर्षांत माहीत नव्हती. विचारलीच नव्हती.

"बाई, मी हे गल्लीत सांगू का?" काका म्हणाले. "तुमची हरकत असंल तर न्हाई सांगणार. बिलकुल न्हाई."

"काय सांगणार?"

"पाण्याचं."

आईनं नीट विचार केला. "सांगा," ती म्हणाली. "म्हंजे कोणी टाकत असंल तर त्याला बी कळंल, की आपल्याला माहीत हाय."

काका इतके हसले की खालून काकूंनी विचारलं, काय झालं. आईसुद्धा जरा हसली.

त्याच दिवशी त्यांनी आईला गल्लीत फिरवलं. मागून मी, शरमेनं अर्धी झालेली. प्रत्येक दारात तेच. "ही आपल्या वरच्या पोरीची आई. हिला पाण्याची भीती वाटती. दवाई चालू हाय. कुठं दिसली, दारात आली तर हाकलू नका. आधी आपण प्यायचं, मंग तिला द्यायचं." सलीमभाईंच्या दारात शमीमआपा बाहेर आल्या. त्यांच्याशी मी तोवर एक शब्दही बोलले नव्हते. त्या आत गेल्या, पेला घेऊन आल्या, आईसमोर दोन घोट प्यायल्या आणि पेला पुढे केला. आई प्यायली. सबंध पेला प्यायली. मी भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर आईची गोळी लपवून द्यावी लागली नाही. दहा वाजता इंदूबाईंच्या शेजारी दुसरं पोतं पडलं. इंदूबाई आपल्या पेल्यातून आधी घोट घेत आणि पेला आईकडे देत. डॉक्टरांनी गोळी थोडी बदलली. मी कोर्टात परत जायला लागले.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पावसाळ्याच्या शेवटी आईनं चार-पाच दिवस गोळी जिभेखाली ठेवून थुंकली. आम्हाला कळलं नाही. एका बाजाराच्या दिवशी दुपारी मला कोर्टात काकूंचा फोन आला, आई खोलीत नाही. मी धावत आले. गल्लीत शिरले तेव्हा काहीतरी वेगळं वाटलं आणि दोन पावलांनी लक्षात आलं, गिरणी बंद आहे. सुपात कोणाचे तरी दाणे तसेच सोडून काका स्कूटर घेऊन गेले होते. सलीमभाई दुकान उघडं टाकून बसस्टँडवर. इंदूबाई देवळाकडे. रांगेतल्या बायका आपापल्या डब्यांजवळ नव्हत्या, डबे तेवढे ओळीनं उभे होते.

मला काय करावं सुचेना. मी पोलिसांत जायला निघाले. फोटो पाहिजे म्हणून मोबाईल चाळायला लागले, तर आईचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. नऊ वर्षांत एकही नाही. रस्त्यात उभी राहून मी ते बघत होते, तेवढ्यात काका परत आले. "बस मागं, जल्दी!" ओरडले. "सापडली. घनसावंगी रोडला."

झालं असं होतं. शमीमआपा घनसावंगीला बहिणीकडून जीपमधून परत येत होत्या. अंबडपासून चार-पाच किलोमीटरवर, उसाच्या कडेनं, एक बाई अनवाणी उलट्या दिशेनं चाललेली त्यांना दिसली. जीपमध्ये बारा माणसं होती. एकजण म्हणाला, वेडी दिसते. शमीमआपांनी जीप थांबवली आणि तिथेच उतरल्या. जीपवाला पुढे निघून गेला. त्यांनी सलीमभाईंना फोन लावला.

आम्ही पोचलो तेव्हा त्या दोघी रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसल्या होत्या. शमीमआपांच्या हातात पाण्याची बाटली होती, निम्मी संपलेली. आईचे पाय फुटले होते. मी जवळ गेले, पण आईनं मला ओळखल्यासारखं केलं नाही, ती आपांचा पदर धरून होती.

"घबराओ नको बेटा," शमीमआपा म्हणाल्या. "पानी पिये उनो. पहले मैं पी, बाद में उनो. चलो बोले तो चलते बोली, लेकिन थोडा बैठके."

"तुम्ही कसं ओळखलं?" मी विचारलं.

त्यांना प्रश्नच कळला नाही. "ओळखलं म्हंजे? आपल्या गल्लीची हाय ना. दारात आणून दाखवली होती की गिरणीवाले भाईनं."

मी काकांकडे बघितलं. ते स्कूटरला टेकून उसाकडे तोंड करून उभे होते.

त्यानंतर आठेक दिवसांनी लाईट गेली होती. रांगेतले लोक डबे ठेवून घरी गेले. आई वर झोपली होती. काका गिरणीच्या दारात बसले होते आणि मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले, कारण एवढ्या दिवसांत मला त्यांचे आभार कसे मानावेत ते सुचलं नव्हतं. कप हातात घेऊन ते म्हणाले,

"माझा मोठा भाऊ होता."

मला आधी वाटलं दुसरंच कोणीतरी बोलतंय. तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. हळू, जरा घोगरा, साधा माणसाचा आवाज.

"त्याला बी असंच होतं. तो आतल्या खोलीत असायचा. माझ्या बापानं सांगितलं होतं, बाहेर कळता कामा न्हाई. आवाज झाला की तो घाबरायचा, ओरडायचा, मंग लोकांना कळंल. म्हणून आम्ही सगळे हळू बोलायचो. आई, बाप, बहिणी, मी. दहा वर्षं. हसायचं झालं तर मी रानात जायचो."

"मग?"

"एक दिवस दुपारी कडी उघडी राह्यली. गेला. मी स्टँडवर गेलो, बाजारात गेलो, इचारत सुटलो. लोक म्हणायचे, कसा दिसतो? अन् मी सांगून राह्यलो, उंच हाय, गोरा हाय, दाढी हाय. पण पोरी, ह्या गावात त्याला पाह्यलेलं एक माणूस न्हवतं. एक सुद्धा न्हाई. कोणाच्या समोरून गेला असंल तर त्याला काय कळणार, हा कोणाचा हाय? आम्ही त्याला ओळखणारं कोणी ठेवलंच न्हवतं."

"सापडले नाहीत?"

त्यांनी मान हलवली. चहा प्यायले. मी विचारलं, हळू बोलता येतं तर एवढं ओरडता कशाला? त्यांनी कप खाली ठेवला. स्वतःबद्दलचा प्रश्न त्यांना बहुतेक कोणी विचारला नव्हता.

"ठरवून न्हाई," ते म्हणाले. "बाप गेल्यावर ही गिरणी टाकली. मोटार चालू केली पहिल्या दिवशी, अन् त्या आवाजात मोठ्यानं बोलावंच लागलं. बरं वाटलं. मंग बंद केलंच न्हाई."

तेवढ्यात लाईट आली. ते उठले, बटण दाबलं, पट्टा फिरायला लागला आणि "सलीमभाई, लोकांना हाका मारा!" असं नेहमीच्या पट्टीत ओरडले.

तो हळू आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली जालन्याला झाली. दोन खोल्यांची बरी जागा मिळाली, नळाला रोज पाणी. मी आईची पिशवी भरायला घेतली. ती पोत्यावरून नुकतीच वर आली होती, हाताला पीठ लागलेलं. गिरणीत बसता बसता ती आता बायकांचं धान्य पाखडून द्यायला लागली होती.

"कोणाचं भरून राह्यली?" तिनं विचारलं.

"तुझं. जालन्याला जायचंय ना."

"तू जा," आई म्हणाली. "तिथं मला कोण ओळखतं?"

मी रडले, भांडले, काकांना मध्ये घातलं. काकांनी तिला विचारलं, मला विचारलं, परत तिला विचारलं. मग मला म्हणाले, "आता ती म्हणती ते ऐक." खोली तिच्या नावावर राहिली, मी एकटी गेले. जालन्यात पहिले काही दिवस मला झोप आली नाही. फोन वाजला की हातातलं टाकून धावायची.

पहिल्या शनिवारी दुपारी मी अंबडला आले. जिना चढले तर खोलीला कुलूप. खाली आले. गिरणी जोरात चालू होती, काका सुपावर वाकलेले.

"काका, आई कुठंय?"

"काय?"

"आई!"

"मला काय माहीत!" ते ओरडले. "गेली असंल कुठं तरी! गावात ओळखीची माणसं काय कमी हायेत तिला?" आणि पिठाची चिमूट बोटांत धरून त्यांनी समोरच्या बाईला विचारलं, ह्या खेपेला मका कशाला मिसळला.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग जिन्याच्या पायरीवर बसले. ऊन उतरायला लागलं होतं. बऱ्याच वेळानं आई गल्लीच्या वळणावरून आली. तिच्यासोबत एक बाई होती, मला अनोळखी. दोघी कशावरून तरी हसत होत्या. मला बघून आई थांबली.

"कव्हा आलीस?" ती म्हणाली.